शाहीन, सुतळी बॉम्ब आणि सुके बोंबील

"मॅडम, एकच सुतळी बॉम्ब लावतो. पक्षी उडाला की कावळा शिवेल, आमी मोकळे!"

दत्ताशेठच्या एका हातात बॉम्ब होता, दुसऱ्या हातात पेटती उदबत्ती. डोक्याचा नुकताच गोटा केलेला. मी पनवेल भागात वनपाल आहे. अंगावर खाकी असूनही मी दोन पावलं मागे सरले होते.

जागा शिरढोणच्या अलीकडची बंद पडलेली दगडखाण. खाणीत पाणी साचून तळं झालंय, म्हणून आसपासची माणसं दहाव्याचे विधी तिथेच करतात. त्या दिवशी दत्ताशेठच्या वडिलांचा दहावा होता. समोरच्या कातळात एका कपारीत शाहीनचं घरटं होतं. शाहीन म्हणजे ससाण्याची एक जात. आकाराने कावळ्याएवढी, पण झेप अशी की कावळा वाटेला जात नाही. कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण. कपारीत तीन पिल्लं होती, अजून न उडणारी. मोठा आवाज झाला की अशी पिल्लं घाबरून उडी टाकतात. खाली नुसते दगड होते.

मादी कपारीवर बसून पहारा देत होती आणि कावळे लांब बाभळीवर. पिंड ठेवून दीड तास झाला तरी एकही शिवायला येईना.

मी आरएफओ साहेबांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन लावला.

"टॅक्टफुली हँडल करा," ते म्हणाले.

"म्हणजे नक्की काय करू, सर?"

"तेच. टॅक्टफुली." आणि ते मीटिंगमध्ये गेले.

भटजींनी तोडगा सुचवला, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्राला चालतं.

"गवताचा कावळा?" दत्ताशेठचा धाकटा भाऊ खवळला. "गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाय. दादा, तू लाव बॉम्ब!"

मी गुन्हा, कोर्ट, जेल सगळं सांगून पाहिलं. "बापासाठी जेलात जाईन," दत्ताशेठ म्हणाला. त्यावर चार पाहुण्यांनी डोळे पुसले. मी हरले.

मग मी दत्ताशेठच्या आईकडे गेले. आजी मांडवात खुर्चीवर बसल्या होत्या.

"आजी, वर पिल्लं आहेत हो. बॉम्ब लावला तर तिन्ही मरतील. थोडं थांबा. नर शिकार घेऊन आला की मादी ती घ्यायला हवेत लांब जाते. तेवढ्यात कावळा येईल." माझा आवाज रडवेला झाला होता.

"कवा येल तो नर?"

"अर्ध्या तासात यायला हवा."

आजींनी क्षणभर डोळे मिटले. "बॉम्ब नाय वाजणार. पण तुमी आता तोंड उघडायचं नाय."

त्या उठल्या. "दत्ता, ठेव तो फटाका. पक्ष्याला कशाला बोल लावतोस? तुज्या बापाचं मन अडकलंय."

बॉम्ब खिशात गेला. दत्ताशेठ पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला काशीला नेतो." कावळा हलला नाही.

धाकटा पुढे झाला. "बाबा, दारू सोडतो."

"सोडायची तर सोड," आजी म्हणाल्या, "पण ते नाय."

असं बराच वेळ चाललं. मी घड्याळाकडे बघत होते, आजी कातळाकडे.

"मग काय राह्यलं गं, आये?" दत्ताशेठ रडकुंडीला आला.

"नव्या बंगल्यात सुके बोंबील भाजायची तुमी बंदी केली. वास येतो म्हणून. त्याच्या मनाला लय लागलं होतं."

"बाबा!" दत्ताशेठने टाहो फोडला. "रोज भाजू! हॉलमध्ये भाजू!"

इतक्यात वर किंचाळी घुमली. नर आला होता. मादी कपारीवरून सुटली आणि टेकडीआड गेली. पुढच्या मिनिटाला चार कावळे पिंडावर होते. सगळे रडले. मीही रडले, पिल्लांसाठी.

"बघितलंत, मॅडम? तुमच्या पक्ष्याचा काय संबंध नव्हता," दत्ताशेठ नाक पुसत म्हणाला.

"नव्हता," मी म्हणाले. नोकरीत इतकं धादांत खोटं मी पूर्वी कधी बोलले नव्हते.

निघताना आजींना हळूच विचारलं, "आजोबांना बोंबील फार आवडायचे का?"

"त्याला? वास आला का घराभायेर पळायचा. मला आवडतात."

तिन्ही पिल्लं पुढे सुखरूप उडाली. 'स्थानिकांच्या सहकार्याने पक्षी सुरक्षित' असा अहवाल मी दिला आणि साहेबांनी माझ्या टॅक्टचं कौतुक केलं. जमाव चिडला तर पोलिसांना बोलवा, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी हल्ली आधी घरातली म्हातारी कुठे बसलीय ते शोधते.