आमची काही हरकत नाही

पेन्सिलबाईंचं काम म्हणजे परक्यांची दारं वाजवणं. लोकमताची पाहणी करणाऱ्या संस्थेत त्या नोकरीला होत्या. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून हे नाव. समोरचा काहीही बोलो, भुवईसुद्धा हलवायची नाही, हा कामाचा पहिला नियम. कोण काय बोललं ते कुणाला सांगायचं नाही, हा दुसरा. सुनेनं नोकरी करावी का, मुलीनं परधर्मात लग्न केलं तर काय, असलं सगळं विचारून बाईंना वाटायला लागलं होतं, की माणसं बोलतात तशीच असतात.

एकदा माणसं कमी पडली आणि त्यांच्याच इमारतीची पाहणी त्यांच्या वाट्याला आली. एक प्रश्न असा होता: मनोरुग्णालयातून बरा होऊन आलेला माणूस शेजारी राहायला आला, तर तुमची हरकत असेल का?

"छे, हरकत कसली!" दारोदारी हेच. इमारतीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, तर बाईंना बसवून घेऊन म्हणाले, "अहो, अंगाला ताप येतो तसा मनालाही येतो. आपणच अशांना जवळ केलं पाहिजे."

बाईंचे डोळे भरून आले, पण नियमाप्रमाणे त्यांनी मान खाली घालून कागदावर खूण केली. त्यांचा धाकटा भाऊ अशाच एका मनोरुग्णालयात होता. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. बरा झाला होता, डॉक्टर घरी न्या म्हणत होते, पण लोक काय म्हणतील या धास्तीनं बाई टाळत होत्या. इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की भाऊ परगावी असतो. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला फोन केला. "ये रे बाबा निर्धास्त. इथली माणसं चांगली आहेत."

भाऊ आला. बाईंनी कुणापासून काही लपवलं नाही. तो कुठून आला ते सरळ सांगितलं, आणि जिन्याखाली टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करू द्या, अशी विनंती केली. लगेच गच्चीवर सभा भरली.

"माझं व्यक्तिशः काही म्हणणं नाही," अध्यक्षांनी घसा खाकरला. "पण लहान मुलं आहेत. लोकांना चालायचं नाही."

"कुठल्या लोकांना?" बाईंनी विचारलं.

अध्यक्षांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. जो तो आपलं काही नाही, पण बाकीच्यांचं काय, असं पुटपुटत होता. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कोण काय बोललं होतं, शब्दन् शब्द त्यांना पाठ होता.

"मी तुमच्या प्रत्येकाच्या दारात आले होते," त्या म्हणाल्या. "काय बोललात ते मी सांगणार नाही, शब्द दिलाय. पण तुम्हाला तर आठवतंय ना?"

शेवटी अध्यक्षच जरा हसून म्हणाले, "अहो, पाहणीत असंच सांगायचं असतं."

जिन्याखालची जागा मिळाली नाही. शिवाय, भावाला घरात ठेवायचं की नाही याचा विचार करा, असा सल्ला मिळाला. पुढे पाहणीचा निकाल वर्तमानपत्रात झळकला: आपलं शहर मोठ्या मनाचं! बाई तो अंक घेऊन तडक संस्थेतल्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"हे खोटं आहे."

"आकडे खोटे कसे असतील, बाई? लोकांनीच सांगितलंय."

"मग हरकत आहे का, हे विचारूच नका. अशा माणसाला कधी घर दिलंत का, काम दिलंत का, ते विचारा. बघू किती मोठं मन निघतं ते!"

साहेबांनी प्रश्न वरून येतात म्हणून हात झटकले.

घरी येऊन बाई तणतणत राहिल्या. भाऊ मुकाट्यानं ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, इतक्या लोकांना विचारलंस. त्यांच्या शेजारी राहायला माझी हरकत आहे का, ते मला कुणी विचारलं?"

बाईंनी जेवायचं टेबल उचललं आणि जिन्याकडे उघडणाऱ्या खिडकीला लावलं. "हे माझं घर आहे. इथे बस. बघते कोण उठवतो ते."

तो बसला. इमारतीची नोटीस आली, ती बाईंनी फाडली. काही दिवस लोक खिडकीसमोरून मान फिरवून जात. मग एका दुपारी, जिना रिकामा बघून, अध्यक्षांच्या पत्नी आल्या. पिशवीत, वर टॉवेल गुंडाळून, भिंतीवरचं घड्याळ.

"बंद पडलंय. ह्यांना कळू देऊ नका हं. माझं तर पहिल्यापासून काही नव्हतंच."

भावानं हात पुढे केला होता. बाईंनी तो मागे ओढला.

"वहिनी, हे घरी न्या. टॉवेल काढा. आणि सगळ्यांच्या देखत जिना उतरून या."

त्या आल्या नाहीत. भाऊ दोन दिवस बाईंवर रुसून होता, गिऱ्हाईक घालवलं म्हणून. बाईंना मात्र पश्चात्ताप झाला नाही.