दळण होईपर्यंत दोर नाही

कंपाउंडर म्हणजे बाटलीत पाणी घालणारा माणूस, असा लोकांचा समज. असू दे! पण बाटल्या धुता धुता कानावर जे पडतं, ते डॉक्टरलासुद्धा मिळत नाही. साठतच जातं. बायको म्हणते, "पुरे आता, तोंड दुखत नाही का?" नाही दुखत!

लढाईची वर्षं. जामखेडकडच्या आमच्या लहानशा दवाखान्यात आम्ही तिघं: डॉक्टर भाटे, नर्स रूथबाई आणि मी, दामूअण्णा. डॉक्टर रुजू झाले त्याच महिन्यात म्हादूची तीन बोटं काढावी लागली. म्हादू विहिरी खोदायचा, खडकात सुरुंग लावायचा. एक सुरुंग उडाला नाही म्हणून बघायला उतरला, आणि नेमका तेव्हाच तो उडाला.

डॉक्टर दिवसभर जेवले नाहीत. मग म्हणाले, "दामूअण्णा, मी नुसता कापायला आलेलो नाही. या भागात सुरुंगानं आता एकही बोट जाता कामा नये." आणि दोन महिन्यांत म्हादू पुन्हा विहिरीवर हजर! पोटाचा धंदा तो. पण डॉक्टरांच्या जिवाला घोर लागला.

* * *

तेव्हापासून डॉक्टर गावोगाव चावडीवर बोलायला लागले. सुरुंग, चूल, बैल, सगळंच. एकदा रंगात येऊन म्हणाले, "जखम झाल्यावर काय येता? जखम व्हायच्या आधी दवाखान्यात या!"

मागून एक म्हातारा उठला. "येतो की, डागदर. पन दुखतंय कुटं म्हनून सांगू?"

डॉक्टर इतके हसले की भाषण तिथंच संपलं.

* * *

चुली जमिनीलगत, आणि रांगती पोरं थेट निखाऱ्यात. रूथबाई घरोघर सांगत फिरायची, चुलीभोवती वीतभर मातीची भिंत घाला. एक सासू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चुलीला कुंपन? चूल काय पळून जातीय व्हय?"

"चूल नाही आजी, नातू पळत येतो!"

आठ दिवसांनी बघतो तर सगळ्या आळीत भिंती. आणि तीच आजी सांगत होती, "ही अक्कल माजी बरं का!" मी बोलणार, तेवढ्यात रूथबाईनं माझा सदरा ओढला. "अण्णा, गप्प बसा. तिनं सांगितलं तर चार घरं जास्त ऐकतील." मला तर हे जन्मात सुचलं नसतं.

* * *

बैलाच्या शिंगांनी मांड्या फाटलेली माणसं यायची. पोळ्याला शिंगांच्या टोकांवर पितळी टोपणं, म्हणजे शेंब्या, चढवतात, त्या वर्षभर राहू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. लोक म्हणाले, डोकं फिरलंय! एकानं मात्र ऐकलं. महिन्यानं तो तक्रार घेऊन आला.

"डागदर, बैल आता कुनाला लागत न्हाई, खरं हाय. पन नांगराला जुपला की मागं वळून पुरनपोळीची वाट बघतोय!"

* * *

हा किस्सा माझ्या चुकीचा. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत लोक रॉकेल भरायचे, आणि पोरं ते प्यायची. बाटल्या कुणाच्या? मीच दिलेल्या! डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "रॉकेलच्या बाटलीला लाल चिंधी बांधायला सांगा. चिंधी दिसली की हात लावायचा नाही."

सहा महिन्यांनी एका घरात गेलो. फळीवर चिंधी बांधलेल्या बाटल्या दोन. डॉक्टरांनी दुसरीचं बूच काढून वास घेतला. हातभट्टीची! घरधनी खाली मान घालून उभा. "बायकूनं हात लावू नये म्हनून बांधली, सायेब."

डॉक्टरांनी बूच घट्ट बसवलं. "चिंधी योग्य ठिकाणी आहे," म्हणाले.

* * *

पण म्हादू काही ऐकेना. "सुरुंग लावलास की तासभर उतरायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं.

"तास म्हंजी किती? चिलीम सरंस्तवर थांबतो की." आणि त्याची चिलीम चार झुरक्यांत सरायची!

रूथबाईनं तोड काढली. वात पेटवून म्हादू दोरानं वर आला की दोर त्याच्या बायकोच्या, गंगूच्या ताब्यात. बिऱ्हाड विहिरीवरच असायचं. तिनं दोराच्या वेटोळ्यावर बसून सूपभर ज्वारी दळायची, म्हणजे तासभर सहज. दळण संपेपर्यंत दोर नाही. म्हादू चिडला, पण गंगू रूथबाईला म्हणाली, "बाई, आता मला निज यील."

* * *

आणि हा किस्सा त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातला. डॉक्टर आणि मी विहीर बघायला गेलो. म्हादूनं पाच सुरुंग लावले होते. मी बोटांवर मोजले. पाच आवाज! धूर निवळला, डॉक्टर काठावरून वाकले आणि एकदम ओरडले, "पाणी! अण्णा, पाणी लागलं!"

त्या मुलखात पाणी लागलं म्हणजे काय, हे तुम्हाला नाही कळायचं. डॉक्टरांनी काठावरच बूट काढले, धोतर खोचलं. "म्हादू, चल, आधी मी उतरतो!"

म्हादू धावला. "गंगे, दोर दे!"

गंगू दोरावर बसून दळत होती. "दळन व्हायचंय."

"गंगूबाई, पाचही उडाले. अण्णांनी मोजलेत," डॉक्टर म्हणाले.

"चार उडालं. पाचवा आवाज डोंगराचा हुता."

"अहो, नियम माझाच आहे! मीच सांगतोय ना आता?"

तिनं जात्यात मूठभर ज्वारी टाकली. डॉक्टर खरंच रागावले. तिच्याकडे चार पावलं चालून गेले.

धडाम्!

दगड वर उडाले. काठावर डॉक्टरांचे बूट होते, तिथं हा एवढा धोंडा येऊन पडला. डॉक्टर जात्यापाशी मटकन खाली बसले.

धुरळा बसल्यावर म्हादू हळूच म्हणाला, "आता झालं की पाची. दे दोर."

गंगूनं वरसुद्धा पाहिलं नाही. "सूप अजून अर्धं हाय."

"बस रे म्हादू," डॉक्टर म्हणाले, "त्यांचं होऊ दे."