मोकळा केलेला रस्ता

सांगलीला गाडीत चढवलेली सायकलींची खोकी गोंदियाच्या फलाटावर जशीच्या तशी उतरली, हा मला बसलेला पहिला धक्का. इतक्या लांबच्या प्रवासात काहीतरी मोडणार, निदान वाकणार, अशी माझी खात्री होती. सुधाकरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिथंच खोकी फोडून चाकं बसवायला घेतली. भोवती माणसं जमली. एकाने टायर दाबून बघितलं आणि विचारलं, "भैया, इसमें मोटर किधर है?" मोटर नाही म्हटल्यावर त्याने आमच्या दोघांच्या पांढऱ्या केसांकडे नीट पाहिलं. "फिर कायको?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

उत्तर खरं तर सोपं होतं. आमच्याकडे सायकल चालवायची म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांमागे धूर खात जायचं. इकडे नवेगाव बांधच्या बाजूला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, जंगलातून आणि तळ्यांच्या पाळींवरून (बांधांवरून) जाणारे मुरमाचे रस्ते आहेत आणि त्यांवर गाड्या नसतात, असं कळलं तेव्हापासून सुधाकरच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मोकळा रस्ता हे त्याचं वेड. रस्त्यात पडलेलं काही त्याला बघवत नाही. खिळा, काच, काटेरी फांदी, काही दिसलं की हा थांबणार आणि उचलून कडेला टाकणार. आमच्या सायकलवाल्यांत त्याला 'झाडूवाले' म्हणतात आणि याला त्याचं भारी कौतुक. मला त्यापायी जागोजागी पाय टेकवून उभं राहावं लागतं, ते सोडा.

पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या जुन्या महादेवाला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सायकली टेम्पोत टाकून नवेगावच्या पलीकडच्या एका लहान गावात पोचलो. तिथं नामदेवभाऊ आणि त्यांची बायको शेवंताबाई यांच्या घरी राहायचं ठरलं होतं. गावचं तळं नामदेवभाऊंच्या पूर्वजांनी बांधलेलं. पण ते सांगताना असं सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं परवाच कुदळ खाली ठेवली. त्या तळ्याच्या जिवावर अजून धान पिकतं.

रात्रीच्या जेवणाला भात, लाखोरीचं वरण आणि झिंग्यांची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी. चटणी इतकी तिखट, की माझ्या कानातून वाफ निघायची बाकी राहिली. वाढायला नामदेवभाऊंची थोरली बहीण होती, यशोदाबाई. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहते. तिला अजिबात ऐकू येत नाही, पण बोलते मात्र खणखणीत. माझं हेल्मेट तिने माझ्याच डोक्यावर ठेवलं आणि बोटांनी टकटक वाजवून बघितलं. "मडक्यात डोस्कं घालून कायले फिरता?" तिने विचारलं. सगळे हसले आणि सर्वांत मोठ्याने ती स्वतः हसली.

मोहाचे दिवस होते. पहाटे झाडाखाली गळलेली फुलं वेचायची, उन्हात वाळवायची आणि विकायची, हे यशोदाबाईचं काम. आम्ही सकाळी निघालो तेव्हा ती केव्हाच गेली होती.

आमचा बेत सोपा होता. जायचं पाळीवरच्या रस्त्याने आणि यायचं जंगलातल्या. दोन्ही रस्ते पुढे एका फाट्यावर मिळतात. पाळीवरून लांब पडतं, जंगलातून जवळ. पाळीवरचा तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. एका अंगाला तळं, त्यात बगळे, दुसऱ्या अंगाला उन्हाळी धानाचा हिरवागार पट्टा आणि चाकाखाली मुरूम कुरकुरतोय. ना हॉर्न, ना धूर. मला चक्क घाबरल्यासारखं झालं. इतकी शांतता सांगलीत फक्त दंगलीनंतर असते.

फाट्याच्या थोडं पुढे यशोदाबाईचं मोहाचं झाड लागलं. ती वाकून फुलं वेचत होती. आम्हाला बघून तिने आपल्या डोक्यावर टकटक करून दाखवलं. आम्ही तिथून पुढे एका बोडीपर्यंत (लहान तळ्यापर्यंत) गेलो, शेवंताबाईंनी दिलेले मुरमुरे खाल्ले आणि मागे फिरलो. येताना ती अजून झाडाखालीच होती. टोपली भरत आली होती.

फाट्यावर आलो, तर जंगलाच्या रस्त्यावर तीन हिरव्या डहाळ्या आडव्या पडलेल्या.

"आत्ता जाताना नव्हत्या," मी म्हटलं.

"वाऱ्याने पडल्या असतील," सुधाकर म्हणाला आणि उतरला. एकेक डहाळी उचलून त्याने चरात भिरकावली आणि हात झटकले. मी त्याचा फोटोसुद्धा काढला, ग्रुपवर टाकायला. वारा कुठे होता, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

जंगलातला रस्ता उताराचा. सागाची पानं गळून खच पडला होता आणि पळसाला फुलं राहिली होती. खाली नाल्याशी झुडपात काहीतरी जड खसपसलं. "डुक्कर," सुधाकर मागे न बघता म्हणाला. उतार होता, चाकं पळत होती, आम्हीही पळालो.

घरी पोचलो तेव्हा नामदेवभाऊ ओसरीवर बसले होते. "पाळीवरून आले ना जी?"

"नाही, जंगलातून. काय रस्ता आहे हो," सुधाकर म्हणाला.

नामदेवभाऊ उठून उभे राहिले. "फाट्यावर डहाळ्या नव्हत्या?"

"होत्या ना. पडल्या होत्या. मी काढून रस्ता मोकळा केला."

"पडल्या नव्हत्या. म्या ठेवल्या होत्या." त्यांनी पायात वहाणा सरकवल्या. "नाल्यापाशी अस्वल आहे. दोन पिल्लं आहेत संग. बाईले हाक ऐकू येत नाही जी. डहाळी दिसली का ती समजते अना पाळीवरून येते. आता ती मोह घेऊन सीधी तिथूनच येऊन राहिली असंन."

अस्वलाच्या अगदी जवळून आपण गेलो, हे आधी कळलं आणि क्षणभर मी फक्त स्वतःचाच विचार केला. मग त्या बाईची भरलेली टोपली डोळ्यांपुढे आली. अस्वलाला मोहाची फुलं किती आवडतात, हे मलाही माहीत होतं.

नामदेवभाऊंनी कुऱ्हाड आणि रिकामा पत्र्याचा डबा उचलला. शेजारचे दोघे धावत आले. ते डबा बडवत जंगलाच्या रस्त्याने निघाले. "तुम्ही सायकलीनं पाळीवरून जा," शेवंताबाई ओरडल्या, "फाट्यावर बाई दिसली तर धरून ठेवा."

पाळीवरून गेलो. तळं होतं, बगळे होते, पण मला काही दिसलं नाही. सुधाकर पुढे होता आणि एकदाही मागे वळला नाही. फाट्यावर कुणी नव्हतं. मोहाच्या झाडाखाली कुणी नव्हतं. डहाळ्या चरात पडलेल्या, जिथं त्याने भिरकावल्या होत्या तिथंच. तो चरात उतरला, तिन्ही गोळा केल्या आणि पुन्हा रस्त्यावर आडव्या ठेवल्या. आता त्यांचा उपयोग काय, असं माझ्या मनात आलं.

दुरून डब्याचा आवाज येत होता. जवळ येत गेला आणि एकदम थांबला. डबा का थांबला असेल, याचा विचार मी करत होते आणि तो करायचा नाही असंही स्वतःला बजावत होते. सुधाकर डहाळ्यांपाशी उकिडवा बसून राहिला.

मग वळणावर माणसं दिसली. मध्ये यशोदाबाई, चालत. टोपली नव्हती. लुगडं गुडघ्याशी फाटलेलं, रक्ताने भिजलेलं आणि डावा हात तिने उजव्या हाताने धरलेला. मी रस्त्यातच मटकन बसले आणि रडले, उगीच कशाला लपवू.

नाल्याशी अस्वल समोर आलं तशी तिने टोपली फेकली होती. अस्वल फुलांवर तुटून पडलं आणि ती मागे मागे सरताना कोरड्या नाल्यात कोसळली. डब्याचा आवाज ऐकून अस्वल पिल्लांना घेऊन निघून गेलं आणि नाला पुन्हा ओलांडायला नको म्हणून ते तिला वर फाट्याकडे घेऊन आले. हे सगळं नामदेवभाऊंनी सांगितलं. तिचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती भावावर खवळली होती.

"अस्वल पाहिलं होतं तर डहाळी काऊन नाही ठेवली?" ती त्यांना विचारत होती. "मी मेली असती ना आज. काऊन नाही ठेवली?"

नामदेवभाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. खाणाखुणांनी दोन क्षणांत सांगता आलं असतं, की ठेवली होती आणि या पाहुण्यांनी काढली. घरच्या पाहुण्याकडे बोट दाखवायचं नाही, म्हणून तो माणूस बहिणीच्या शिव्या खात उभा होता. मला हा धक्का अस्वलापेक्षा मोठा बसला.

सुधाकर उठला. तिच्यापुढे जाऊन हात जोडले, काहीतरी बोलला, मग तिला ऐकू येत नाही हे आठवून थांबला. त्याने रस्त्यावरची एक डहाळी उचलली आणि तिच्या पायांपुढे आडवी ठेवली. नामदेवभाऊंकडे बोट केलं. यांनी ठेवली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, ती डहाळी उचलली आणि चरात फेकून दाखवली.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने शाबूत हाताने दुसरी डहाळी उचलली आणि सुधाकरच्या पोटरीवर एक सणसणीत ओढली. तो हलला नाही.

"येडा आहे का बाप्पा हा," ती म्हणाली. मग तीच डहाळी तिने त्याच्या हातात दिली आणि रस्त्याकडे बोट केलं. "ठेव."

त्याने ठेवली. आम्ही सगळे पाळीवरून परतलो.

हाड मोडलं नव्हतं, पण हात झोळीत आला. पुढचे दिवस आमच्या सायकली भिंतीला टेकलेल्या राहिल्या. पहाटे नामदेवभाऊ आम्हाला घेऊन जायचे, सुधाकर आणि मी मोह वेचायचो आणि यशोदाबाई दगडावर बसून, वेचायची राहिलेली फुलं बोटाने दाखवायची. आमची कंबर धरली की तिला हसू यायचं. निघताना तिने मला पुडीभर वाळलेला मोह दिला. सुधाकरला काही दिलं नाही, पण त्याच्या हेल्मेटवर टकटक केली.

सांगलीत परत आलो, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण गेलेलं आणि भोकात कुणीतरी कडुनिंबाची फांदी रोवलेली. अशा फांद्या आम्ही जन्मभर बघत आलोय. सुधाकर सायकलवरून उतरला. फांदी कलली होती, ती त्याने सरळ केली आणि बुडाशी विटा लावायला लागला. मागे एक स्कूटरवाला खोळंबला होता.

"काका, घ्या की ती बाजूला, रस्ता मोकळा होईल," तो म्हणाला.

"राहू दे," सुधाकर म्हणाला. "कुणीतरी ठेवलीय ती."