ज्याचे पैसे, त्याचं नाव

प्रमिलाताई गेल्याची बातमी मला आमच्या पक्षातल्या कुणी दिली नाही, समोरच्या पक्षाच्या कार्यकर्त्याने दिली. सकाळी कोर्टात निघालो होतो, तर तो दारात उभा. "वकीलसाहेब, तुमच्या खजिनदारबाई गेल्या," एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसून राहिला. मीही त्याच्याशेजारी बसलो.

ताई कोराडीच्या वीज केंद्रात लेखा विभागात होत्या. निवृत्तीनंतर पक्षात आल्या. आमचा पक्ष लहान. शाखेचं खजिनदारपद कुणालाच नको होतं, ते त्यांच्या गळ्यात पडलं. पहिल्याच बैठकीत त्यांनी पायंडा पाडला. कामकाजाआधी देणगीदारांची नावं मोठ्याने वाचायची आणि माणसाचा धंदाही सांगायचा, मग तो बिल्डर असो की कामठीच्या मागावरचा विणकर. कार्यकर्ते कुरकुरले. लहान देणग्यांची नावं जाहीर करायची कायद्यातही सक्ती नाही, असं मी त्यांना वकिली थाटात समजावलं. "कायदा कमीत कमी सांगते गा," त्या म्हणाल्या, "त्याहून जास्त कराले कोणी मनाई केली?"

मी विधानसभेला उभा राहिलो तेव्हा या पायंड्याची खरी परीक्षा झाली. प्रचार रंगात आला होता आणि मंडपवाल्याला द्यायलाही आमच्याकडे काही उरलं नव्हतं. अशात वीज केंद्राची राख वाहून नेणारा एक कंत्राटदार कार्यालयात आला. रक्कम मोठी होती, अट एकच. नाव नको. लहान लहान तुकडे करून कार्यकर्त्यांच्या नावावर दाखवा.

"ताई, नाव काहून पायजे तुमाले?" तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पैसे तं पक्षालेच देऊन राहिलो ना."

"ज्याचे पैसे, त्याचं नाव. पक्ष कोणाचं खाऊन राहिला, हे लोकायले कळू द्या ना भाऊ."

तो उठून गेला. कार्यकर्ते भडकले आणि मीही बोललो, चांगलाच बोललो. ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या त्याच्या ट्रकवर ताडपत्री टाका म्हणून आपल्याले बोलाचं आहे. हे पैसे घेतल्यावर कोण बोलन, तू?" मोठी सभा रद्द झाली, आम्ही चौकाचौकांत उभं राहून बोललो आणि मी पडलो... सपाटून पडलो.

उन्हाळा लागला. उघड्या ट्रकांतून राख उडायची, रस्त्याकडेच्या वस्तीत पोरं खोकायची. निवडून आलेले गृहस्थ या विषयावर चकार शब्द काढेनात. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या पक्षाला कुणी काय दिलं, हे कुठेच वाचायला मिळत नव्हतं. ताई वस्तीतल्या बायांना घेऊन रस्त्यावर बसल्या. कंत्राटदार आला, तावातावाने बोलला, पण आम्ही विकले गेलो असं त्याला म्हणता येईना. उन्हाळा सरण्याआधी ट्रकांवर ताडपत्र्या आल्या. माझ्या पायरीवर बसलेला तो माणूस त्याच वस्तीतला. त्याची मुलगी दम्याने हैराण होती आणि त्याच्या पक्षाने त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. मी हरलो त्याचं मला वाईट वाटायचं थांबलं, ते त्याच उन्हाळ्यात.

पुढे पक्षाच्या राज्य अधिवेशनात ताईंनी ठराव मांडला. प्रत्येक शाखेने देणगीदारांची नावं लोकांसमोर वाचावीत, आणि सगळ्याच पक्षांना ते बंधनकारक करणारा कायदा व्हावा, म्हणून पक्षाने भांडावं. लोक हसले. ठराव पडला. परतीच्या बसमध्ये डब्यातली पोळी माझ्यापुढे धरत त्या म्हणाल्या, "खा. पुढच्या वर्षी परत मांडू." आणि खरंच मांडला, दर वर्षी. हात वर करणारे थोडे थोडे वाढत गेले. मंजूर झालेला मात्र त्यांना पाहता आला नाही.

आता नावं मी वाचतो. गेल्या बैठकीत ताईंची मुलगी आली होती, आईच्या आठवणीसाठी थोडे पैसे घेऊन. बाजूला बोलावून हळूच म्हणाली, "काका, माझं नाव नका घेऊ. घरचंच आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. ती आधी ओशाळली, मग हसली आणि डोळे पुसत मागच्या रांगेत जाऊन बसली.

सगळ्यात आधी मी तिचंच नाव वाचलं. धंद्यासकट.