चिंच गेली त्या दिवशीचं पिठलं

लसणाच्या फोडणीचं पिठलं रटरटू लागलं की मला टोकावड्याचं आमचं अंगण आठवतं. अंगणाच्या कडेला, रस्त्याला लागून, आजोबांच्याही आधीची चिंच होती. तिचा बारीक पाला शेजारच्या काकूंच्याच अंगणात जास्त पडायचा. सारवलेली जमीन वाळायच्या आत पिवळी व्हायची आणि काकू झाडू आपटत आईला सुनावायच्या, "तोडा गो ती चिंच एकदाची." तरी दुपारी तांदूळ निवडायला त्या तिच्याच सावलीत यायच्या, कधी जेवायलाही थांबायच्या. मग माळशेजकडे जाणारा रस्ता रुंद करायला घेतला आणि एका उन्हाळ्यात सकाळपासून करवत चालली. दुपारी खोड ट्रकमधून गेलं. आई ओटीवर नुसती बसून होती. तेवढ्यात काकू पदराखाली पातेलं झाकून आल्या. पिठलं आणि भात, मयताच्या घरी शेजारी नेतात तसं. "आज चूल नको पेटवू," एवढंच म्हणाल्या. आईनं विचारलं, "तुमी जेवल्या?" "नाय गो, एकटीला घास उतरत नाय." मग आम्ही तिघी अंगणातच बसलो, नेहमीच्या जागी, जिथं आता टळटळीत ऊन होतं. वाढून झाल्यावर काकूंनी पातेल्यावर हात आडवा धरला, पाला पडू नये म्हणून. वर काहीच नव्हतं. आई त्या हाताकडे बघत राहिली. इतक्या वर्षांनी आजही उघड्यावर जेवायला बसले की माझा हात ताटावर तसाच जातो.