काचेमागचा केंड

मासा जिवंत असताना कसा दिसतो हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं. मासेमाराच्या घरात जन्मलेल्या बाईने असं म्हटलं की लोक हसतात, पण ते खरं आहे. माझे वडील मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे प्रमुख होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकून यायचं आणि मग वाडीतल्या सगळ्यांनी दोन्ही टोकांना लागून ओढायचं. मासा आमच्यासमोर यायचा तो वाळूवर, तडफडत. तिथून तो आईच्या पाटीत जायचा, नाहीतर आमच्या तव्यावर. आई ती पाटी डोक्यावर घेऊन पार मसुऱ्यापर्यंत विकायला जायची. पाण्यात असताना मासा वळतो कसा, दमला की बसतो कुठे, हे बघत बसायला आमच्यात कोणाला सवड होती?

महाराष्ट्र राज्य व्हायच्या एक-दोन वर्षं आधी, दिवाळी झाल्यावर, मुंबईहून एक साहेब किनाऱ्यावर आले. तिथल्या मोठ्या मत्स्यालयासाठी त्यांना आमच्या भागातले मासे जिवंत हवे होते. साहेबांची मराठी पुस्तकी आणि वडिलांची मालवणी, म्हणून मॅट्रिक झालेल्या मला मध्ये बसवलं. साहेबांनी सगळं नीट सांगितलं. मासे बोटीने पाठवायचे, मुंबईच्या धक्क्यावर त्यांची गाडी येईल, खर्च ते देतील. वडिलांनी खर्चाचं ऐकून सोडून दिलं. त्यांचा प्रश्न वेगळा होता.

"थंय आमच्या गावाचा नाव लागतला?"

साहेब म्हणाले, "प्रत्येक काचेखाली पाटी असते. माशाचं नाव आणि तो कुठून आणला ते. मालवणची पाटी अजून एकही नाही. मासा जगला, तर लागेल."

"मगे लागला समजा," वडील म्हणाले. हे ते वाडीतल्या पन्नास माणसांसमोर म्हणाले, आणि माझ्या वडिलांचा शब्द रापणीच्या दोरासारखा असायचा. एकदा टाकला की हात सोलले तरी सोडायचा नाही.

साहेब एक यादी देऊन गेले. संध्याकाळी मी ती वाचून दाखवली. केंड, छोटं पाकट, गोबरा, शेवंड, लेप, समुद्रघोडा, खडकातली वाम. वडील ऐकता ऐकता लाल झाले.

"केंड? ह्यां सगळां आमी वाळयेत टाकतंव. सरकारान मागितला म्हणान मुंबैक कचरो धाडूचो?"

केंड कोणाला ठाऊक नसेल तर सांगते. हाताच्या पंजाएवढा, ठिपक्यांचा, बेढब मासा. जाळ्यातून काढला की रागाने फुगतो आणि चेंडूसारखा गोल होतो. विषारी असतो, म्हणून मांजरसुद्धा तोंड लावत नाही. पोरं तो लाथेने उडवतात. असल्या माशाखाली गावाचं नाव लावायचं हे वडिलांना पटणं शक्य नव्हतं. पाहुण्याच्या पानात आपण डोकं-शेपूट वाढत नाही, मधली तुकडी वाढतो. त्यांनी ठरवलं, सुरमई आणि सरंगे, म्हणजे पापलेट, धाडायचे. आमच्या किनाऱ्याचं जे उत्तम, ते.

मी म्हटलं, "बाबा, यादयेत सुरमय नाय."

"तेंका म्हायत नसतला. बघल्यार समजात."

साहेबांना कबुलीचा कागद माझ्या अक्षरात लिहून दिला होता आणि खाली माझी सही होती. त्यामुळे मी वाद घालत बसले नाही. दोन मोठी लाकडी पिंपं वडिलांनी घेतली, एक लहान मी मागून घेतलं. पुढच्या रापणीला सगळे सुरमईकडे धावले आणि मी वाळूतला कचरा वेचला. दोन केंड, ताटलीएवढं चपटं पाकट, एक गोबरा, एक शेवंड. शेवंड म्हणजे मोठा झिंगाच, तिच्या मिशा दुसऱ्यांना टोचतील म्हणून तिला सुंभाच्या जाळीत वेगळं टांगलं. आई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"केंड घेऊन मुंबैक चललंस? थंय तुका सोयरीक येवची नाय गो."

"केंडाक इली तर सांगतंय," मी म्हटलं.

निघायच्या सकाळी किनाऱ्यावर गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. वाडीतल्या जाणत्या म्हाताऱ्याने नारळ हातात घेऊन सूर लावला, "बा देवा म्हाराजा! आज ही आमची मासळी मुंबैक चालली आसा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" "तिच्या वाटेत काय इडा-पिडा आसात ती भायर काढ आणि तिका जित्ती पोचव!" "व्हय म्हाराजा!"

आई माझ्या कानाशी पुटपुटली, "आजवर ह्याच देवाक जाळी भरांदे म्हणान सांगलास. तेचोय गोंधळ उडालो आसतलो."

बोट खोल पाण्यात उभी राहायची. तिथपर्यंत पिंपं होडीतून नेली आणि दोरांनी वर चढवली. डेकवर एका बाजूला आम्ही दोघं बसलो. काम एकच, तांब्याने पाणी काढायचं आणि उंचावरून परत त्याच पिंपात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. ही साहेबांची सूचना. शिवाय तासातासाला बादली सोडून समुद्राचं ताजं पाणी. उतारूंना वाटलं आमचं डोकं फिरलंय. एका बाईने विचारलं, "मासे मुंबईला आंघोळ घालून नेतात का?"

विजयदुर्ग मागे पडायच्या आत पहिली सुरमई उलटी झाली. वडिलांनी तिला हाताने सरळ केली. ती परत उलटली. जेवणवेळेपर्यंत दोन्ही मोठ्या पिंपांत एकही मासा हलत नव्हता. वडील तांब्या खाली ठेवायला तयार नव्हते, मेलेल्या माशांवर पाणी ओतत बसले होते. मी उठले आणि बोटीच्या भटाऱ्याला बोलावून आणलं. मासे अजून ताजे होते. नासवण्यात काय अर्थ? त्या दिवशी वरच्या वर्गाच्या उतारूंना फार चांगली सुरमई मिळाली.

माझ्या पिंपात सगळे जिवंत होते. एक केंड वर येऊन माझ्याकडे बघत होता. वडिलांनी आत एकदा डोकावून पाहिलं आणि मान फिरवली. पण दुपारनंतर न सांगता त्यांनी दुसरा तांब्या उचलला आणि माझ्या कचऱ्यावर पाणी ओतायला लागले.

दुसऱ्या दिवशी मत्स्यालयाच्या मागच्या दाराने आम्हाला आत घेतलं. तिथे काचेची मागची बाजू असते. ओल्या सिमेंटचा बोळ, नळ, बादल्या, आणि आमच्या किनाऱ्यासारखाच वास. साहेबांनी मोठी पिंपं उघडली.

"यात काय होतं?"

"पाणी," वडील म्हणाले.

मग माझं पिंप उघडलं आणि साहेबांचा चेहरा असा फुलला की मला सगळ्या प्रवासाचं सार्थक वाटलं. पाचही जिवंत. त्यांनी लगेच ते वेगळ्या हौदात सोडले. दोन दिवस सावरू द्यायचे, तिसऱ्या दिवशी काचेत. तोवर आम्ही गिरगावात मामाच्या खोलीवर राहणार होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या दाराने गेलो, लोकांसारखे. आत अंधार आणि दोन्ही बाजूंना उजेडाच्या खिडक्या. पहिल्याच काचेत तांबोशी होत्या. जन्मभर मी तांबोशी कापली होती आणि तिचा रंग मला पाठ आहे असं समजत होते. पाठ काही नव्हता. वाळूवर येईपर्यंत तो अर्धा विझलेला असतो. इथे ती वळली की अंगावरून लाली सरकत जायची. शेवंड, जिला आम्ही मिशा धरून उचलतो, ती इथे तोलामोलाच्या बाईसारखी पावलं टाकत चालली होती. समुद्रघोडा शेपटीने पोवळ्याची फांदी धरून उभा होता. मधल्या उघड्या हौदात कासवं होती, पाटाएवढी, आणि भिंतीवर एका करवत-माशाची करवत टांगलेली होती, माझ्या उंचीची. मला कुठे थांबू आणि कुठे नको असं झालं. शेजारचे लोक परक्या मुलखातलं काही बघावं तसे बघत होते. मला मात्र प्रत्येक काचेपाशी वाटत होतं, हे आमचं आहे, आमच्या दारासमोरचं.

एका काचेसमोर कोट घातलेले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "यात काही नाही, चल पुढे."

"नाय कसा?" वडील मागून म्हणाले. "वाळयेत बघा. दोन डोळे दिसतत काय? थंयसून शेपटेपर्यंत या. ह्यां पाकट. अंगार वाळू घेवन बसलासा."

गृहस्थांनी पाहिलं, त्यांच्या बायकोला दिसलं, आणि ती एवढ्याने ओरडली की आणखी दहा जण आले. मग वडिलांनी त्यांना तळाच्या वाळूला चिकटून रंग बदललेला लेप दाखवला, कपारीतून नुसतं तोंड काढून बसलेली वाम दाखवली. ज्या काचा लोकांना रिकाम्या वाटत होत्या, त्या त्यांनी एकेक करून भरून दाखवल्या. हां हां म्हणता त्यांच्यामागे घोळका जमला. कोटवाल्यांनी मला विचारलं, "हे इथले अधिकारी का?"

"नाही," मी म्हटलं. "हे मासे पकडतात." आजवर मी इतक्या ताठ मानेने फार थोडी वाक्यं बोलले आहे.

तेवढ्यात साहेब आले. म्हणाले, "गोबरा, शेवंड आणि पाकट इथल्यांना जोडीला हवे होते, त्यांच्या काचांखाली आधीच दुसऱ्या गावांच्या पाट्या आहेत. पण केंड आमच्याकडे नव्हता. पाटी तयार करायला सांगतो. केंड, मालवण."

वडील थबकले. "केंडाखाली नको. पुढल्या फेरेक सुरमय आणतंय, मगे लावा."

मी साहेबांना त्याचा अर्थ सांगितला. साहेबांनी शांतपणे समजावलं की सुरमई तोंड उघडं ठेवून सतत पोहत असते, तेव्हाच तिला श्वास मिळतो. थांबली की संपली. कितीही वेळा आणा, ती इथे जगणार नाही. वडील ऐकत होते. हात लागला की सुरमई मरते, हे त्यांना माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक होतं. का मरते, हे विचारायची त्यांना कधी गरज पडली नव्हती, कारण ती मेलेलीच हवी असायची.

मी म्हटलं, "बाबा, तुमी वाडयेत काय सांगलास? मालवणचा नाव लागतला. सुरमयचा नाव काढलास?"

"वाडी हसतली माका. बापजाद्यांनी केंड पकडलो म्हणतली."

"हसांदे. आधी बघून तरी घेवया तेका."

केंडाची काच अगदी कोपऱ्यात होती. दोघेही पाण्यात अधांतरी उभे होते. फुगलेले नव्हते, आपल्या मूळ रूपात होते, आणि ते रूप आमच्यापैकी कोणी कधी पाहिलंच नव्हतं. अंगावर सोनेरी ठिपके, पंख एवढेसे, पंख्यासारखे भराभर हलणारे, आणि डोळे असे की एक इकडे बघेल तर दुसरा तिकडे. मोठा केंड काचेपाशी आला आणि एकेका चेहऱ्यासमोर थांबत गेला, जणू आम्हीच काचेत होतो.

"अय्या, किती गोड!" मागच्या घोळक्यातली एक मुलगी म्हणाली.

"गोड?" वडील वळले. "खाशात तर मरशात."

सगळे एकदम मागे सरले, आणि दुसऱ्या क्षणाला दुप्पट जोराने पुढे आले. विष कुठे असतं, फुगतो कशाने, मोठ्या माशाने गिळला तर काय होतं? प्रश्नांवर प्रश्न. वडिलांनी सांगितलं, मोठो मासो ह्येका गिळूक बघता, हो थंयच फुगता, आणि त्या माशाक गिळूकय येणा नाय आणि ओकूकय येणा नाय. घोळका हसला. कोटवाल्यांनी विचारलं, "हा असतो कुठे?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आमच्या मालवणात. रोज आमच्या जाळ्यात येता."

आणि साहेबांना म्हणाले, "लिवा. मोठ्या अक्षरान लिवा."

संध्याकाळपर्यंत रंगाऱ्याने पत्र्याची पट्टी रंगवून आणली. रंग ओला होता. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, आणि मालवणचा 'म' कुठला ते बोट न लावता विचारून घेतलं. पट्टी काचेखाली बसली. मामा जेवायला वाट बघत होते, म्हणून मी दारापाशी जाऊन उभी राहिले. वडील येईनात. परत गेले तर ते त्या कोपऱ्यात काचेशेजारी हात मागे बांधून उभे. जो घाईने पुढे जाईल त्याला अडवून पाटी दाखवत होते.

"बाबा, चला. उशीर झालो."

"तू जा फुडे," ते म्हणाले. "माका हंय काम आसा."