चांगुणाबाईंचा पिवळा

मंठ्याच्या आठवडी बाजारात त्या काळी खुळखुळा घ्यायला गेलं, की चांगुणाबाई तो आधी स्वतः चाटून दाखवत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, चांगली जीभ लावून. मग पदराने पुसून हातात देत. ही शहात्तर सालची गोष्ट. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीनच रुजू झाले होते आणि आरोग्याचे धडे शिकवून शिकवून मला जिकडेतिकडे घाणच दिसायची.

"अहो, हे काय करता?" मी पहिल्याच दिवशी त्यांच्यावर खेकसले.

"लेकरू ह्याचं काय करनार हाय, मास्तरीणबाई?" त्या शांतपणे म्हणाल्या. "चाटनारच न्हाई का? मंग आधी मी."

त्याने मला आणखीच राग आला. मला राग फार लवकर येतो. चांगुणाबाईंबद्दल मी जे सांगणार आहे त्यात माझा हा स्वभाव मध्ये मध्ये येणार, त्याला इलाज नाही. तरी खुळखुळा मी घेतलाच, कारण तसला रंग मी दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. घरी नेऊन उकळत्या पाण्यात बुडवला तर लाख मऊ होऊन सगळा रंग भांड्याला चिकटला. सासूबाई दोन दिवस हसत होत्या.

चांगुणाबाई आणि त्यांचे यजमान भुजंग हे कातारी. खरादावर लाकूड फिरवून पोळपाटाचे पाय, लाटणी, भोवरे, खुळखुळे, बाजेचे पाय घडवायचे आणि त्यांवर लाखेचा रंग चढवायचा, हा दोघांच्याही घरचा धंदा. रीतीप्रमाणे पटाशी नवऱ्याच्या हातात आणि दोरी बायकोच्या. दोरी ओढली की लाकूड फिरतं, पटाशी टेकली की सोलतं. पण बहात्तरच्या दुष्काळात भुजंगराव सरकारी कामावर खडी फोडायला गेले आणि एक कपची उडून त्यांचा डावा डोळा गेला. एका डोळ्याने लाकडाचा अंदाज येईना. दोन-चार लाटणी वाकडी झाल्यावर चांगुणाबाई म्हणाल्या, "उठा. दोरी तुमी धरा." तेव्हापासून बायको पटाशीवर आणि नवरा दोरीवर. गावाने टिंगल करायची तेवढी केली. "भुजंगा, मालकीण पगार देती का?" असं कोणी विचारलं, की भुजंगराव म्हणत, "दोन टाइम जेवन अन् शिव्या फुकट." हळूहळू टिंगल करणारेच कंटाळले.

खरं कसब होतं ते लाखेचं. झाडावरच्या किड्याची लाख जालन्याहून आणायची, निवडायची, धुवायची, निखाऱ्यावर वितळवून तिच्यात रंग मळायचा आणि बोटाएवढ्या कांड्या वळायच्या. फिरत्या लाकडावर कांडी दाबून धरली की घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर पसरते. वरून केवड्याचं सुकं पान दाबलं की अशी चकाकी येते, की त्यात खिडकीची चौकट दिसावी. ब्रश नाही, डबा नाही, वाळत घालणं नाही. लाल रंग लाखेचाच, काळा काजळीचा, हिरवा हळदीत नीळ मिसळून.

पिवळे मात्र दोन होते. एक हळदीचा. तो लेकरांच्या वस्तूंना. दिसायला गोड, पण उन्हाने महिना-दोन महिन्यांत उडून जायचा. दुसरा हरताळाचा. हरताळ म्हणजे खाणीतला पिवळा दगड, विषारी. त्याचा रंग वर्षानुवर्षं हलत नाही. तो फक्त बाजेच्या पायांना, जिथे कोणाचं तोंड लागत नाही तिथे. दोन्ही कांड्या दिसायला सारख्या, म्हणून हरताळाच्या कांडीच्या टोकाला चांगुणाबाई दोन खाचा पाडून ठेवत. त्यांच्या वडिलांची ही शिस्त होती आणि ती त्यांच्याकडून कधी मोडली नव्हती.

अडचण आली ती काकासाहेबांच्या दुकानामुळे. काकासाहेब मंठ्यातले मोठे दुकानदार. कंगव्यापासून कंदिलापर्यंत सगळं त्यांच्याकडे. त्या वर्षी त्यांनी प्लास्टिकचे खुळखुळे आणले, भडक रंगाचे, आणि बाजारात चांगुणाबाईंच्या पथारीपुढची गर्दी निम्म्यावर आली. तरी काकासाहेबांना हातची वस्तू आवडायची.

"चांगुणाबाई, माल झकास हाय तुमचा," ते म्हणाले. "पन हा पिवळा दुकानाच्या दारात टांगला की उडतो. पन्नास नग द्या. रंग टिकला तर बारा महिने तुमचाच माल ठेवतो, प्लास्टिक बंद."

बारा महिने दुकानात माल, म्हणजे उन्हातान्हात पथारी मांडणं संपलं. भुजंगरावांनी त्या दिवशी दोरी इतक्या जोरात ओढली, की ती तुटली. चांगुणाबाईंनी हळद दुप्पट घालून पाहिली, दोन थर चढवून पाहिले, आणि पन्नास नग घाईघाईने पूर्ण करून दिले. काकासाहेबांसमोर पन्नासही चाटून दाखवले. त्यांतला एक, माझी लेक सुजाता सहा महिन्यांची झाली तेव्हा, आमच्या घरी आला. या खेपेला मी तो उकळला नाही.

चैत्र सरत आला तेव्हा काकासाहेबांनी त्यांना दुकानात बोलावून घेतलं. दारात टांगलेले खुळखुळे दाखवत ते खूश होऊन म्हणाले, "बघा! दीड महिना उन्हात हायेत. रंग बिलकुल उतरला न्हाई. आता शंभर नग द्या, बाई. जमवलं तुमी!"

चांगुणाबाई त्या पिवळ्याकडे बघतच राहिल्या. हळद होती तर उडायलाच हवी होती. त्यांनी एक खुळखुळा खाली काढला, नखाने थोडा रंग खरवडला, कमरेच्या डबीतला तंबाखूचा चुना ओला करून त्यावर चोळला. हळदीला चुना लागला की ती लालभडक होते, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. इथे जरा गुलाबी झाक आली आणि बाकी सगळं पिवळंच राहिलं.

मग त्यांना आठवलं. लाख महागली होती म्हणून कांड्या वापरून उरलेली बुटकं त्या टाकत नसत. रंगारंगाची वेगळी करून पुन्हा वितळवत. घाईत पिवळी बुटकं सगळी एकत्र वितळवली होती. आणि खाचा तर कांडीच्या ज्या टोकाला असत, ते टोक झिजून गेलेलं. बुटकाला खूण कुठून असणार?

"काकासाहेब, हे उतरवा," त्या म्हणाल्या. "ह्यात हरताळ गेलंय. इख हाय ते."

काकासाहेबांचा चेहरा उतरला. एकोणीस नग शिल्लक होते, एकतीस विकले गेले होते. ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे एकोणीस गुपचूप न्या. गेले ते गेले. कोनाला काय झालंय का? माझ्या दुकानाचं नाव हाय, बाई."

घरी भुजंगरावही तेच बोलले. "चांगुने, पुढचे बराबर करू. आता बोललो तर दुकान तर जाईलच, पन बाजारातबी कोन उभं करनार न्हाई आपल्याला."

"मी चाटून दिलेत ते," चांगुणाबाई म्हणाल्या. "माझी जीभ बघून आयांनी घेतलेत."

दुसऱ्या दिवशी त्या काकासाहेबांच्या पायरीवर जाऊन बसल्या. एकतीस गिऱ्हाइकांची नावं द्या, नाहीतर बाजारात उभी राहून हाका मारते, म्हणाल्या. काकासाहेबांना तालुक्यातलं पोरटोर नावानिशी माहीत. त्यांनी चिडून, बडबडत, पण सगळी नावं सांगितली. नवराबायकोने निव्वळ हळदीचे एकतीस नवे खुळखुळे केले, थैलीत भरले आणि गावोगाव निघाले. एका आजीने तर परत द्यायला साफ नकार दिला. "मला हाच पिवळा पायजे, तुझा फिक्का नको," म्हणाली. तिच्या दारात दुपारभर बसून तो आणला.

मी त्या वेळी उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी होते, बदनापूरला. एका सकाळी दार वाजलं. बघते तो चांगुणाबाई आणि भुजंगराव, धुळीने माखलेले. सासूबाईंकडून पत्ता घेऊन एसटीने जालना आणि तिथून पुढे आले होते. माझाच एक राहिला होता, तिसावा आणि एकतिसावा आदल्या दिवशीच मिळाले होते म्हणाल्या. मोजण्यात घोळ होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. सुजाता माझ्या कडेवर होती आणि तिच्या तोंडात तोच खुळखुळा. नुकत्याच आलेल्या दोन दातांच्या खुणा पिवळ्यावर स्पष्ट उमटल्या होत्या.

चांगुणाबाईंनी दारातच सगळं सांगितलं. आडपडदा नाही, देवाधर्माच्या शपथा नाहीत.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "माझ्या लेकीच्या तोंडात विष दिलंत!" हे तर गल्लीने ऐकलं. भीतीने माझं तोंड थांबेना. भुजंगराव मान खाली घालून उभे राहिले. चांगुणाबाई मात्र माझ्याकडे बघत होत्या.

"दिलं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातनं झालं. आता शिव्या मंग द्या, आधी डाक्टरकडं चला."

आम्ही सगळेच जालन्याला गेलो. डॉक्टरांनी सुजाताला उलटंपालटं तपासलं, खुळखुळा भिंगाखाली धरला. लाखेत बांधलेला रंग आहे, पोटात फारसं काही गेलेलं दिसत नाही, मुलगी ठणठणीत आहे, पण हा पुन्हा देऊ नका, म्हणाले. बाहेर आले तर चांगुणाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या. सगळं ठीक आहे अशी मी मान हलवली आणि ती बाई, जी आतापर्यंत एकदाही डगमगली नव्हती, ती पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. माझा राग तिथेच विरघळला. मीही रडले. मग भुजंगरावांनी सगळ्यांना चहा पाजला.

दुकान अर्थातच गेलं. काकासाहेबांनी प्लास्टिकचे खुळखुळे आणखी मागवले. आणि चांगुणाबाई पुढच्या बाजारात नेहमीच्या जागी पथारी मांडून बसल्या. शाळा सुरू झाल्यावर मी मुद्दाम बघायला गेले. मला वाटलं होतं, खाली मान घालून बसल्या असतील. कसलं काय! खणखणीत आवाजात प्रत्येक बाईला सांगत होत्या: "माझ्या हातनं चूक झालती. इखाचा पिवळा गेल्ता खुळखुळ्यात. सारे परत आनले, आनून खरवडले, खरवडा गाडून टाकला. आता न्या, पन लगेच लेकराला देऊ नका. उन्हात टांगा. पिवळा उडाय लागला, की हळद हाय समजा, मंग द्या. सारा उडाला की आना, पुन्हा चढवून देते."

"अहो, माल खराब होतो असं ओरडून कोणी विकतं का?" मी म्हणाले.

"खराब कुठं? खरा हाय म्हनून उडतो," त्या म्हणाल्या. बाजूने भुजंगराव म्हणाले, "दुकान बुडवायची कला हिच्याकडनं शिका."

पहिले दोन-तीन महिने कोणी फिरकलं नाही. मीच काय ते माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना धाक घालून पाठवत होते. पण बायका बायकांना सांगतात तसं ते पसरत गेलं. कुडाला, खिडकीच्या गजाला, तुळशीपाशी पिवळे खुळखुळे उन्हात टांगलेले दिसायला लागले. पिवळा उडाला की आजी म्हणायची, द्या आता. आणि उडालेले खुळखुळे घेऊन बायका बाजारात रांग लावायच्या, रंग पुन्हा चढवून घ्यायला. चांगुणाबाईंनी खरादच बैलगाडीत घालून बाजारात आणायला सुरुवात केली. समोर दोरी फिरते, लाख वितळते, पिवळा चढतो, हे बघायला पोरांची गर्दी. प्लास्टिकवाल्याकडे असली करमणूक नव्हती.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मी रंग चढवून घ्यायला उभी होते, तर गर्दीतून काकासाहेब आले. दोन वर्षांत या पथारीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नातू झाला होता, हे गावाला माहीत होतं. त्यांनी एक खुळखुळा उचलला, उन्हात धरून उलटसुलट केला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हा उडतो ना पन?"